आजीच्या आठ्या

३ जानेवारी, मंगळवार

आज सकाळी आईनं पुन्हा तेच केलं. मी ताट घेऊन खोलीत शिरले तशी खुर्चीतून उठून उभी राहिली, खांद्यावरची शाल डोक्यावर ओढली आणि ताट दोन्ही हातांनी माझ्याकडे परत सरकवलं. "बस गं आई," म्हटलं. बसली नाही. माझ्या कपाळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सासूबाई, तुम्ही..." आणि पुढचं गिळून टाकलं.

सासूबाई म्हणजे तिची सासू. माझी आजी. तिला जाऊन तीस वर्षं झाली, आणि आता म्हणे ती माझ्या रूपानं परत आली. छप्पन्नाव्या वर्षी मी माझ्याच आईची सासू झाले आहे. हसावं की रडावं कळत नाही.

सात महिने चाललंय हे. आई विसरायला लागून तीन वर्षं झाली, पण मला ओळखायची. जूनमध्ये एक दिवस माझ्याकडे पाहून दचकली ती दचकलीच. तेव्हापासून माझ्या हातचा घास नाही. ह्यांनी भरवायचा प्रयत्न केला, तर जावयाच्या हातून खायचं नसतं हे मात्र तिला बरोब्बर आठवतं! दिवसभर सांभाळायला मावशी येतात, त्या दुपारी चारतात तेवढंच पोटात जातं. चाळीस किलोवरून सदतीसवर आली.

मावशींना विचारलं, तुम्ही काय जादू करता? म्हणाल्या, "जादू कसली? मी माझा डबा उघडते, चार गोष्टी करत खाते, त्याही खातात." बरोबर आहे. मावशींचं कपाळ ताटलीसारखं गुळगुळीत. त्यांना बघून कोण कशाला घाबरेल.

५ जानेवारी, गुरुवार

आजीचा फोटो कपाटातून काढला आणि आरशाशेजारी धरला. नाक माझं वेगळं. हनुवटी वेगळी. पण दोन भुवयांच्या मधे त्या दोन उभ्या रेघा — त्याच. मोजून मापून त्याच. आजी गप्प बसली तरी रागावलेली दिसायची, आणि रागावली की घर गप्प बसायचं. आई तर तिच्यासमोर खाली मान घालून सत्तावीस वर्षं वावरली.

तिच्या रेघा रागानं पडल्या, माझ्या कामानं. सव्वीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये भिंगातून कवळ्या बघतेय. दात पिवळट हवा की करडा, हिरडी कुठे चढली, बारीक डोळे करून बघायचं म्हणजे आठ्या येणारच. आईची कवळीसुद्धा मीच केलेली. पुढचा एक दात तिचा पहिल्यापासून जरा तिरका, तो मुद्दाम तिरकाच बसवला, म्हणजे हसली की आईच दिसावी. माझ्या हातचे दात घालून बसते आणि माझ्या हातचं खात नाही.

८ जानेवारी, रविवार

धाकटी बहीण आली होती. वजनाचा कागद बघून तोंड एवढंसं केलं. मग सुरू — "ताई, तुला झेपत नाहीये. तिला वाटतं तू विष घालतेस. रोज घाबरवायचं का तिला? वृद्धांच्या काळजी केंद्रात ठेवू. तिथं शिकलेल्या बायका आहेत." फेब्रुवारीअखेरपर्यंत वजन वाढलं नाही तर खाट धरून ठेवायला सांगणार म्हणे. बसची जागा असल्यासारखी! रुमाल टाकायचा आणि धरायची.

मी सांगितलं, आई इथून हलणार नाही.

"मग करणार काय?"

ते मलाही माहीत नव्हतं. संध्याकाळचं ताट घेऊन गेले. परत उभी राहिली, परत ताट माझ्याकडे. अर्धा तास हातापाया पडले. शेवटी ताट झाकून ठेवलं, आणि मीही नाही जेवले. तिचं पोट भरल्याशिवाय मी अन्नाला शिवत नाही, जूनपासूनचा नेम आहे. आई उपाशी आणि मी समोर गिळत बसू? तेवढी तरी लाज शिल्लक आहे.

मग फोनवर आठ्या घालवण्याची एक जाहिरात दिसली. आधी कपाळ, नंतर कपाळ. "सुया आहेत, पण शस्त्रक्रिया नाही." दोन वेळा वाचली.

१४ जानेवारी, शनिवार

गेले! सांगितलं कोणालाच नाही. त्वचेची डॉक्टर, तिशीची पोर. बाहेर बाकावर सगळ्या जणी मासिकात तोंड खुपसून, जशा काही चोरी करायला आल्यात. मी पाय पसरून बसले.

आत बायका नटीचा फोटो घेऊन येतात म्हणे, अशी दिसायचंय म्हणून. मी आजीचा नेला. म्हटलं, अशी दिसायचं नाहीये.

डॉक्टरनं फोटो बघितला, मला बघितलं, आणि बिचारी हसू दाबायला लागली. मग सगळं सांगितलं. हसू गेलं तिचं. आरसा देऊन म्हणाली, "आठ्या घाला. आता भुवया वर. आता हसा." तीन फोटो काढले. पहिला दाखवला. आजी! नुसती आजी!

मग तिनं नीट समजावलं. इंजेक्शननं आठ्या घालणारे स्नायू ढिले पडतात. चार दिवसांत सुरुवात, पंधरा दिवसांत पुरता परिणाम. तीन-चार महिने टिकतं, मग हळूहळू सगळं पूर्वपदावर. रेघा खोल आहेत, पुसट होतील, पुसल्या जातील असं वचन देत नाही म्हणाली. मी विचारलं, भरून टाकता येत नाहीत का, आम्ही प्लास्टरनं भरतो तशा? नको म्हणाली. त्या जागी भरणं धोक्याचं, डोळ्यावर बेतू शकतं. खोटं बोलली नाही, म्हणून आवडली.

मग तिनं गालांकडे बोट केलं. "तोंडाच्या कडेच्या ह्या रेघाही भरता येतील. डोळ्यांजवळच्या घालवता येतील. वरून हलकं साल काढलं तर चेहरा दहा वर्षांनी..."

"त्यांना हात लावायचा नाही," मी म्हटलं. "त्या हसण्याच्या आहेत. आजीला त्या नव्हत्या."

१६ जानेवारी, सोमवार

लॅबमध्ये बातमी फुटली. पॉलिशवालीनं मला दवाखान्यातून उतरताना बघितलं होतं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुपारपर्यंत मालकसुद्धा माझ्या कपाळाकडे बघायला लागले.

पॉलिशवाली म्हणाली, "आता या वयात कोणाला दाखवायचंय हो, ताई?"

हातातली कवळी तिच्यासमोर ठेवली. म्हटलं, ही सत्तर वर्षांच्या बाईची. या आठवड्यातली सहावी. तिला विचारतेस का कोणाला दाखवायचंय म्हणून? दात गेले तर लावायचे आणि आठ्या आल्या तर मिरवायच्या, हा कायदा कुणी केला?

तिनं कवळी उचलली आणि घासायला घेतली. आईचं कारण सांगितलं नाही. का सांगू? मला हवंय एवढं कारण पुरेसं नाही का?

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मला तू आहेस तशीच चालतेस." प्रेमानंच म्हणाले. पण मी म्हटलं, अहो, चालते म्हणजे काय, मी सायकल आहे का? आणि हे तुमच्यासाठी नाहीच मुळी. मग हे हसले आणि शनिवारी गाडीतून सोडतो म्हणाले.

धाकटीला फोनवर सांगितलं, तर म्हणते, "नटायची हौस आलीय तर तसं सांग ना. आईच्या नावावर कशाला खपवतेस?"

फोन आपटला. आणि मग तासभर तेच डोक्यात. समजा, थोडी हौस असली तर? आईचं काम होता होता मला आरशात बरं वाटलं, तर कोणाच्या बापाचं काय गेलं?

२१ जानेवारी, शनिवार

झालं. पांढऱ्या पेन्सिलीनं कपाळावर पाच ठिपके, बर्फ, आणि पाच टोचण्या. "मुंगी चावल्यासारखं वाटेल," म्हणाली. ती मुंगी चांगली पोसलेली असणार. पाच मिनिटांत उठवलं. चार तास आडवं व्हायचं नाही, कपाळ चोळायचं नाही, वाकायचं नाही. घरी आल्यावर हे मला पडलेला चमचासुद्धा उचलू देत नव्हते. एकतीस वर्षांत पहिल्यांदा!

२३ जानेवारी, सोमवार

काही नाही. एका ठिपक्याशी निळं पडलंय. आई उभी राहिलीच.

२७ जानेवारी, शुक्रवार

आज लॅबमध्ये पॉलिशवालीनं एक दात घासून घासून पार झिजवला. मी ओरडले. चांगली ओरडले, पण कपाळ साथ देईना. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, खरंच रागावलात का?"

लागू पडतंय!

२ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी मऊ भात आणि उकडलेलं अंडं घेऊन गेले. परीक्षेचा निकाल असल्यासारखं वाटत होतं. आई खुर्चीत बसलेली. वर बघितलं. उठली नाही. शालीला हात लावला नाही.

"तुम्ही नवीन का?" म्हणाली.

"हो," म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

"नर्सबाई का?"

"हो."

दाराकडे मान वळवून हळूच विचारलं, "त्या जेवल्या?"

कोण त्या, हे विचारायला मी थांबलेच नाही. "हो हो, कधीच्याच," म्हणून घास पुढे केला. खाल्ला तिनं! पुढचाही खाल्ला. वाटी पुसून खाल्ली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. कपाळ न हलवता रडता येतं हे आज कळलं.

धाकटीला फोन करून एवढंच सांगितलं — वाटीभर भात, अख्खं अंडं. हौस आलीय ना मला? ही बघ माझी हौस.

१९ फेब्रुवारी, रविवार

अडतीस किलो चारशे. धाकटीनं काट्यावर दोनदा उभं करून बघितलं. काटा काही तिच्या बाजूनं बोलेना. केंद्राचा विषय निघाला नाही. जाताना दारात माझ्या कपाळाकडे बघून म्हणाली, "बरं दिसतं गं, ताई. कितपत दुखतं?"

सांगितलं नाही. स्वतः टोचून घे आणि भोग म्हटलं.

११ मार्च, शनिवार

एकोणचाळीस किलो सहाशे. आता सकाळ-संध्याकाळ जेवते. रोज आधी तोच प्रश्न — त्या जेवल्या? रोज माझं तेच उत्तर. मग गप्पा. नर्सबाईंशी ती खूप बोलते. तुमच्या घरी कोण, यायला किती वेळ लागतो, पाय दुखत असतील ना.

आज म्हणाली, "मला दोन मुली आहेत. थोरलीला आम्ही ठमी म्हणतो. फार गुणाची. पण येत नाही हल्ली."

"येईल हो," म्हटलं.

मी तिथंच बसले होते. तिची ठमी! सासू होऊन तिला घाबरवलं, नर्स होऊन जेवू घातलं, आणि मुलगी व्हायला माझ्याकडे चेहराच उरला नाही. असो. पोटात अन्न जातंय. रडगाणं पुरे.

१७ एप्रिल, सोमवार

सकाळी आरशात बघितलं. डावी रेघ जागी होतेय. भुवया आवळल्या तर थोड्या जवळ येतात. दवाखान्यात फोन करून येत्या शनिवारची वेळ घेतली. पॉलिशवालीनं विचारलं तर सरळ सांगितलं, दुसरी खेप. ती कानात म्हणाली, "माझ्यासाठीपण विचारा ना." बघा!

२१ एप्रिल, शुक्रवार

हे नीट लिहायचं आहे.

आज लॅबला सुट्टी होती. दुपारी मावशींना लवकर सोडलं आणि आईला मीच जेवायला वाढलं. तिनं नेहमीसारखं विचारलं, "त्या जेवल्या?" मी पाणी ओतत होते, ऐकलं नाही. उत्तर दिलं नाही. घास पुढे केला तर तिनं तोंड मिटलं.

"काय झालं?"

"त्या जेवल्याशिवाय कसं जेवू?" माझ्याकडे अशी बघते, जसं काही एवढंही मला माहीत नाही. मग दाराकडे पाहून, आवाज खाली करून सांगायला लागली. "तुम्ही बाहेरच्या, म्हणून सांगते. आमच्याकडे सासूबाईंचं ताट आधी. त्यांनी हात धुतल्याशिवाय सुनेनं घास घ्यायचा नाही. एकदा मी पोटुशी होते, ठमीच्या वेळी. भूक आवरेना म्हणून चुलीपाशी दोन घास खाल्ले. त्यांनी बघितलं. बोलल्या काही नाहीत, नुसतं असं केलं." आणि तिनं दोन बोटं भुवयांच्या मधे ठेवून कातडी आवळली. "मग मी कधी आधी जेवले नाही. त्यांचं होईस्तोवर सगळं निवून जायचं. निवलेला भात मला मुळीच आवडत नाही, नर्सबाई. पण सांगणार कोणाला?"

विष नव्हतं. भीतीही नव्हती, निदान आम्ही समजलो ती नव्हती. सात महिने ती ताट माझ्याकडे सरकवत होती ते परत करायला नाही, मला वाढायला! "सासूबाई, तुम्ही..." म्हणजे, तुम्ही आधी घ्या. आणि मी कर्तव्यदक्ष लेक, आई जेवल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही म्हणून नेम धरून बसले होते. ती माझ्यासाठी उपाशी, मी तिच्यासाठी. मावशी डबा उघडून आपल्या खात होत्या, म्हणून ती खात होती. मावशींनी जानेवारीतच सांगितलं होतं, आणि मी त्यांचं कपाळ बघत बसले.

तीन किलो. माझ्या एका घासाचं काम होतं.

मात्र एक आहे. हे ती सासूबाईंना कधीच सांगणार नव्हती. ठमीलाही चाळीस-पन्नास वर्षांत नाही सांगितलं. आठ्या नसलेल्या नर्सबाईंनाच सांगितलं. त्या पाच टोचण्या फुकट गेल्या असं मी कोणाला म्हणू देणार नाही.

२२ एप्रिल, शनिवार

दवाखान्यात गेले आणि डॉक्टरला सांगितलं, नको. ती म्हणाली, "पण उपयोग झालाय ना? आईंचं वजन वाढलंय." म्हटलं, झालाय, आणि तू हुशार आहेस, पण आता मला त्या रेघा परत हव्यात. तिनं पेन खाली ठेवला. अशी पेशंट पहिलीच म्हणाली.

संध्याकाळी धाकटी फोनवर नुसती तापली. "डोकं फिरलंय का? चाललंय ते चालू दे! घेऊन टाक इंजेक्शन!" हेसुद्धा म्हणाले, "कशाला उगाच विषाची परीक्षा?" जानेवारीत दोघांनाही ते पटत नव्हतं, आता घे म्हणून माझ्यामागे लागलेत. माझं कपाळ म्हणजे काय पंचायतीची चावडी आहे का?

नर्सबाई होऊन रोज खोटं बोलायचं, जेवल्या हो जेवल्या. आणि तिनं जन्मभर दाराकडे बघत भात गिळायचा. मला ते मान्य नाही. आजी ज्या कपाळानं गप्प बसली, त्याच कपाळानं आता आजीला बोलायला लावणार आहे मी.

हौस वाटली तर पुढे कधीतरी पुन्हा घेईन. माझी मी. आईचं नाव न सांगता.

१४ मे, रविवार

दोन्ही रेघा पुऱ्या आल्या. गरम भात घेऊन गेले. आई उठून उभी राहिली, शाल डोक्यावर घेतली, ताट माझ्याकडे सरकवलं. मी समोरच्या खुर्चीत बसले. होता नव्हता तेवढा जोर लावून आठ्या घातल्या आणि म्हटलं, "सूनबाई, बस. आज तू आधी जेव."

खुर्चीचा हात चाचपला. मग बसली. एक घास घेतला, स्वतःच्या हातानं. दुसरा घेतला. अर्ध्यावर थांबून माझ्याकडे न बघता म्हणाली, "सासूबाई, गरम आहे हो."

मी अजून वाढला.